चावरी जात कोणती?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला ‘बँकेतील आठवणी’ असा विषय सुचवला होता. मी म्हटलं, त्या आठवणी ही माणसं गेली पंचवीस वर्षं लिफ्टमध्ये, बागेतल्या बाकावर आणि पाण्याच्या टँकरची वाट बघताना ऐकतायत. रौप्यमहोत्सवात तरी त्यांना सुट्टी द्या. म्हणून आज मी कुत्र्यांवर बोलणार आहे. हसू नका, विषय गंभीर आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला एक ठराव आहे. ‘हिंस्र जातीचे कुत्रे सोसायटीच्या आवारात पाळण्यास मनाई करणे.’ तो कशामुळे आला, हे सगळ्यांना माहीत आहे. बी विंगमध्ये पाचव्या मजल्यावर नवीन कुटुंब राहायला आलं आणि त्यांच्याबरोबर ब्रूनो आला. ब्रूनो रॉटवायलर आहे. काळाकुळकुळीत, भुवयांवर आणि छातीवर तांबूस ठिपके, वजन चाळीस किलोच्या पुढे. पहिल्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि समोर हा उभा. मी जिने चढून गेलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस पाच मजले चढून गेला, यावरून समजा. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. ठरावाचा सूचक मीच आहे.

आता सूचक म्हटल्यावर सभेत चार प्रश्नांना उत्तरं द्यावी लागणार. कागदपत्रं पूर्ण असल्याशिवाय टिपणी वर पाठवायची नाही, ही नोकरीतली सवय. म्हणून वाचायला बसलो. माझ्या बाजूचे पुरावे गोळा करायला बसलो होतो, हे कबूल करतो. हाती काय लागलं ते आज सांगतो.

सुरुवात आपल्या सरकारच्या यादीपासून. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सर्व राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, आणि लोकांकडे आधीपासून आहेत त्यांची नसबंदी करून घ्या. मला वाटलं, झालं काम! ही यादीच ठरावाला जोडू. पण आयुष्यभर व्हाउचरं तपासलेला माणूस मी. यादी वाचताना दोन ठिकाणी अडखळलो. एक, ‘टोसा इनू’ आणि पुढे ‘जपानी टोसा’ अशी दोन नावं आहेत. कुत्रा एकच! म्हणजे एकच नोंद दोनदा. दुसरं, यादीत नुसतं ‘टेरियर’ असा शब्द आहे. टेरियर ही एक जात नव्हे, मोठा गट आहे. त्यात पिटबुलही येतो आणि पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही येतो. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, हा मुख्य आक्षेप होता.

म्हणजे माझा पहिला आधार गेला. मग मी जातींचा इतिहास काढला.

आपल्या लहानपणी ‘भयंकर कुत्रा’ म्हणजे अल्सेशियन. गेटवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी असली की आत अल्सेशियन असणार, हे ठरलेलं. हा मूळचा जर्मनीतला मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ मध्ये मॅक्स फॉन स्टेफानित्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ती जात नीट बांधली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन नाव कुणाला नकोसं झालं, म्हणून तो अल्सेशियन झाला. कुत्रा तोच, नाव बदललं. मग सिनेमातल्या खलनायकांच्या बंगल्यावर डॉबरमन आला. त्यानंतर रॉटवायलर, आणि आता पिटबुल. दर वीस-पंचवीस वर्षांनी खलनायक बदलतो. पूर्वीच्या खलनायकाला मात्र लोक नंतर घरात घेतात. आपल्या ए विंगमधल्या जर्मन शेफर्डला ही मुलं शेकहँड करतात. १९७५ साली केला असता का?

डॉबरमनची गोष्ट तर माझ्या जिव्हाळ्याची निघाली. जर्मनीतल्या अपोल्डा गावात एकोणिसाव्या शतकात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान नावाचा गृहस्थ कर गोळा करायचं काम करायचा. वसुलीला जाताना बरोबर दांडगा सोबती हवा, म्हणून त्याने ही जात तयार केली. आपल्या ब्रूनोचे पूर्वज रॉटवाइल गावातल्या खाटकांचे कुत्रे. गुरं हाकायचे, मालाची गाडी ओढायचे. दोघेही कष्टकरी आणि दोघेही पैशांच्या राखणीला. वसुली खात्यात मी सहा वर्षं होतो. असा सहकारी मिळाला असता तर थकबाकी कमी झाली असती!

विनोद बाजूला ठेवतो. पिटबुलचा इतिहास वेगळा आहे आणि तो झाकून चालणार नाही. इंग्लंडमध्ये बैलाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचा खेळ होता. १८३५ मध्ये कायद्याने तो बंद झाला, तेव्हा लोक कुत्र्याशी कुत्रा झुंजवायला लागले. त्यासाठी जे कुत्रे निवडून वाढवले, त्यांचा हा वंश. पकड सोडायची नाही, दुखलं तरी मागे हटायचं नाही, हेच त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं गेलं. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका घरातल्या पिटबुलने ८२ वर्षांच्या आजींचा जीव घेतला. घरचाच कुत्रा होता. ती बातमी मी कापून ठेवली आहे आणि आजही ती वाचून अंगावर काटा येतो. त्यामुळे ‘सगळे कुत्रे सारखेच, प्रेम दिलं की झालं’ असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

पण शास्त्रज्ञ काय म्हणतात तेही ऐका. २०२२ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले. निष्कर्ष असा, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असतो. रूपरंग जातीवरून सांगता येतं. स्वभाव, विशेषतः कुठल्या गोष्टीने तो चिडेल हे, सांगता येत नाही. त्याआधी २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. माणसांवर धावून जाण्यात वरचे नंबर कुणाचे लागले असतील? डॅशहुंड आणि चिवावा! एक आखूड पायांचा, दुसरा मुठीएवढा. मालकांनीच दिलेली उत्तरं आहेत, त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरा. पण रॉटवायलर त्यांच्या पुढे नव्हता.

मग प्रश्न पडतो, बातम्या मोठ्या कुत्र्यांच्याच का येतात? याचं उत्तर मला बँकेत मिळालं. कर्ज देताना आम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायचो. कर्ज बुडण्याची शक्यता किती, ही एक. आणि बुडालं तर खड्डा केवढा पडेल, ही दुसरी. छोटं कर्ज वरचेवर थकतं, पण त्याने बँक हलत नाही. मोठं क्वचित थकतं, पण थकलं की ताळेबंद हादरतो. कुत्र्यांचंही तसंच. चिवावा चावला तर आयोडीन लावून माणूस कामाला जातो, त्याची नोंद कुठेच होत नाही. चाळीस किलोचा कुत्रा एकदाच चावला तरी थेट हॉस्पिटल. मोठ्या जातींची बदनामी पूर्ण खोटी नाही, पण ती त्यांच्या ताकदीची आहे. आपण ती त्यांच्या स्वभावाला चिकटवतो.

नुसत्या बंदीने काय होतं तेही बघा. ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून पिटबुलसह चार जातींवर बंदी आणली. तीस वर्षांनंतर तिथे ‘एक्सएल बुली’ नावाचा नवा दांडगा कुत्रा वाढला, माणसं दगावली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय तोही ठेवणं गुन्हा ठरला. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली होती. चावण्याचं प्रमाण काही कमी होईना, म्हणून २००८ मध्ये ती उठवायचं ठरलं. एक दार लावलं की हौशी माणूस दुसऱ्या दाराने दुसरी जात आणतो.

आता जे सांगायला उभा राहिलो, ते सांगतो. हे ऐकून काही जणांचं माझ्याबद्दलचं मत बदलेल. बदलू दे.

जुन्या सभासदांना आमची चिंगी आठवत असेल. पांढरी पॉमेरेनियन. गणपतीत तिच्या गळ्यात लाल रिबीन असायची, सगळी मुलं तिला उचलून घ्यायची. आपण ‘पॉमेरियन’ म्हणायचो. २००६ च्या मे महिन्यात दुपारी आपल्या तेव्हाच्या वॉचमनची मुलगी आमच्याकडे ताकाचं भांडं परत द्यायला आली होती. सहा वर्षांची असेल. चिंगी टेबलाखाली बिस्किट खात होती. एक तुकडा बाहेर घरंगळला, पोरीने तो उचलून तिला द्यायला हात पुढे केला आणि चिंगीने मनगट धरलं. सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागले. दात आत रुतले होते.

मी तिला रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शनं सगळी माझ्या खर्चाने दिली. इथपर्यंत ठीक. पण त्या रात्री मी वॉचमनला घरी बोलावलं, त्याच्या हातात पाचशे रुपये ठेवले आणि म्हटलं, “हे आपल्यातच राहू दे.” मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार होतो. त्याचा पगार माझ्या सहीने निघायचा. तो काय बोलणार? मान हलवून गेला. तक्रारवहीत नोंद झाली नाही. पुढच्या वर्षी तो नोकरी सोडून गावी गेला. त्या मुलीच्या मनगटावर व्रण राहिला असेल. तिची माफी मागायला हवी होती, ती मी मागितली नाही.

ब्रूनोविरुद्ध अर्ज लिहिताना यातलं काही मला आठवलंसुद्धा नाही. आठवण करून दिली माझ्या नातवाने, तीही नकळत. माझ्या टेबलावरचे कागद बघून त्याने विचारलं, “आजोबा, ब्रूनो कुणाला चावलाय?” मी म्हटलं, “अजून नाही.” त्याने पुढे विचारलं, “मग आपल्या सोसायटीत आजपर्यंत कुणाला कुणी चावलंय का?” मी तक्रारवही आणली. पंचवीस वर्षांची पानं उलटली. पार्किंग, गळती, पाणी, गच्चीवरचे पापड, सगळं होतं. कुत्रा चावल्याची एकही नोंद नव्हती. आणि नसण्याचं कारण मीच होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

नोकरीत असताना काही वस्त्यांचं नाव पत्त्यात दिसलं की अर्ज खाली सरकवला जायचा. लेखी नियम नव्हता, रिवाज होता. मीही तो पाळला. एकदा अशाच वस्तीतल्या एका रिक्षावाल्याचं कर्ज वरिष्ठांनी आग्रहाने मंजूर केलं. त्याचा एक हप्ता चुकला नाही. त्याच काळात बंगल्यात राहणाऱ्या एका प्रतिष्ठिताच्या मागे मी दोन वर्षं फिरत होतो. पत्ता बघून माणूस ओळखायची माझी सवय तेव्हा मोडली असं मला वाटलं होतं. मोडली नव्हती. कुत्र्यांसाठी शिल्लक होती.

मग कुत्रा चावतो कधी? पशुवैद्यांशी बोललो, वाचलं, आणि चिंगीची ती दुपार पुन्हा आठवली. खाताना हात घातला, झोपेतून दचकून उठवलं, कोपऱ्यात कोंडलं, दुखत असताना धरलं, पिल्लांजवळ गेलं, तर कुठल्याही जातीचा कुत्रा चावू शकतो. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांचं होईपर्यंत माणसं, मुलं, काठीवाले आजोबा, गाड्यांचे आवाज यांची ओळख त्याला झाली पाहिजे. ती झाली नाही, दिवसभर गच्चीत साखळीला बांधून ठेवलं, तर गरीब कुत्राही भेदरट होतो, आणि भेदरलेला कुत्रा चावतो. कुत्रा बहुधा आधी सांगतोही. तोंड फिरवतो, अंग ताठ करतो, ओठ चाटतो, गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नका. तो इशारा आहे. मारून तो बंद केला तर पुढच्या वेळी थेट दात येतील.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, आणि अमुक जात नको असंही म्हणता येत नाही. म्हणजे माझा ठराव मंजूर झाला असता तरी टिकला नसता. पण श्वानमालकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मे २०२५ मध्ये मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयाने लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावलेल्या कुत्र्याच्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. कायदा जात विचारत नाही. दोरी कुणाच्या हातात होती, ते विचारतो.

म्हणून अध्यक्ष महोदय, सातव्या क्रमांकाचा माझा ठराव मी मागे घेतो. त्याऐवजी काही सूचना ठेवतो, त्या चिवावापासून ब्रूनोपर्यंत सगळ्यांना सारख्या.

प्रत्येक कुत्र्याची महापालिकेत नोंदणी आणि दरवर्षी रेबीजची लस, त्याची प्रत ऑफिसात. घराबाहेर कायम पट्टा, आणि पट्टा अशा माणसाच्या हातात की जो कुत्र्याला आवरू शकेल. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती चाळीस किलोचा कुत्रा नको. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर मालकाने पुढची फेरी घ्यावी. सक्ती म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून. ताकदवान कुत्र्याच्या मालकाने शिकवणी लावावी आणि गर्दीत स्वखुशीने मुसकी घालावी. ताकद जास्त तशी जबाबदारी जास्त, मोठ्या कर्जाला तारण जास्त लागतं तसं. मुलांनी विचारल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याला हात लावू नये, आणि तो खात किंवा झोपलेला असताना तर विचारूही नये.

आणि कुणीही चावला, घरचा असो की रस्त्यावरचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही. शेवटचं म्हणजे, तक्रारवहीत नोंद करा. मालक कमिटीचा पदाधिकारी असला तरी करा.

पहिली नोंद मी परवाच केली. २००६ ची, एकोणीस वर्षं उशिरा, माझ्या नावासकट. त्या जुन्या वॉचमनचा पत्ता कुणाकडे असेल तर कृपया मला द्यावा. मला त्यांच्या गावी जायचं आहे.

राहता राहिला ब्रूनो. गेल्या आठवड्यात लिफ्टचं दार उघडलं, पुन्हा तोच समोर. त्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, “काका, तुम्ही आधी जा, आम्ही थांबतो.” मी जरा विचार केला आणि म्हटलं, “राहू द्या, येतो मीही.” पाच मजले होईपर्यंत मी भिंतीला चिकटून उभा होतो, छाती धडधडत होती. तो जमिनीकडे बघत शांत बसला होता. भीती अजून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण ती माझी आहे. तिची शिक्षा त्याला देता येणार नाही.

 बाहेर मसालेदूध तयार आहे.